नोटीस विवाहाची, पत्ता साऱ्या गावाला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ज्याला आपण सरसकट ‘कोर्ट मॅरेज’ म्हणतो, त्यात कोर्टाचा काहीही संबंध नसतो. विशेष विवाह कायदा, १९५४ नुसार तो विवाह जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्यासमोर होतो आणि त्याआधी लेखी नोटीस द्यावी लागते. दोघांपैकी किमान एकाचे वास्तव्य नोटिशीपूर्वी सलग ३० दिवस त्या जिल्ह्यात असावे लागते. नोटिशीची प्रत कार्यालयाच्या दर्शनी भागात लावली जाते आणि पुढचे ३० दिवस कोणीही आक्षेप नोंदवू शकतो.

माझी तक्रार आहे ती यापुढच्या तरतुदीविषयी. नोटीस देणाऱ्याचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल, तर प्रत त्या जिल्ह्यातही पाठवून तेथे लावली जाते. शिक्षणासाठी, नोकरीसाठी मराठवाड्यातली मुले पुण्या-मुंबईला जातात. नोटीस तिकडे दिली तरी तिची प्रत लातूर, बीड किंवा परभणीच्या फळ्यावर येते.

गेल्या वर्षी माझ्या एका माजी विद्यार्थिनीने पुण्यात अशी नोटीस दिली. दोघांचे धर्म वेगळे. तीन साक्षीदारांपैकी एक मी असणार होते, म्हणून मला आधीपासून माहीत होते. खरेदीखताच्या कामासाठी मी आमच्या जिल्ह्याच्या कार्यालयात गेले, तेव्हा जिन्याजवळच्या जाळीच्या फळ्यावर तो कागद दिसला. दोघांचे फोटो चिकटवलेले आणि खाली तिच्या घराचा गल्लीसकट पत्ता. एक तरुण मोबाइलवर त्याचा फोटो काढत होता. संध्याकाळपर्यंत तो गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला. दिवाळीला घरी जाऊन आई-वडिलांना स्वतः सांगायचे असे तिने ठरवले होते. तिच्या वडिलांना ती बातमी चहाच्या टपरीवर कळली. विवाह झाला, पण आई आली नाही. घरच्यांना समजावण्याची तिची एकमेव संधी त्या कागदाने हिरावून घेतली, याचे मला आजही वाईट वाटते.

नोटीसच नको, असे मी म्हणणार नाही. पहिली बायको गावाकडे ठेवून शहरात दुसरे लग्न करणारे पुरुष मी पाहिले आहेत आणि त्यांच्या तावडीतून एखादी मुलगी वाचणार असेल तर चौकशी झालीच पाहिजे. पण आक्षेपाची कारणे कायद्याने बांधून दिलेली आहेत: आधीचा जोडीदार हयात असणे, वय कमी असणे (मुलगा २१, मुलगी १८), संमती देण्याइतके मनःस्वास्थ्य नसणे, निषिद्ध नात्यातील विवाह. जात, धर्म किंवा घरच्यांची नाराजी हे कारणच नव्हे. विनाकारण आक्षेप घेणाऱ्याला एक हजार रुपयांपर्यंत भुर्दंड बसू शकतो, हे फळ्याजवळ उभे राहणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल?

हा जाच सर्वांना नाही, हे अधिक खटकते. वर हिंदू आणि वधू बौद्ध असेल, तर हिंदू विवाह कायद्याखाली दोघे विधीने लग्न करून, अशी नोटीस न देता, नोंदणी करू शकतात. हिंदू-मुस्लिम जोडप्याने आपापला धर्म न सोडता लग्न करायचे ठरवले, की मात्र महिनाभर फळ्यावर राहावे लागते. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. जोडप्याची इच्छा नसेल तर नोटीस प्रसिद्ध करू नये, असा निकाल अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये दिला. आपल्याकडे फळा आहे तसाच आहे.

कायद्यातून पत्त्याची जाहीर प्रसिद्धी काढणे संसदेचे काम आहे आणि आपल्या खासदारांनी तो प्रश्न मांडावा, अशी माझी विनंती आहे. पण काही गोष्टींसाठी कोणाची वाट पाहण्याची गरज नाही. कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीतील नमुन्यात नाव, वैवाहिक स्थिती, व्यवसाय, वय, पत्ता आणि वास्तव्याचा काळ एवढेच रकाने आहेत, छायाचित्राचा नाही. मग लावलेल्या प्रतीवर ते कशासाठी? आक्षेपाची कारणे आणि भुर्दंडाची तरतूद ठळक मराठीत त्याच फळ्यावर लिहावी. आणि मुदत संपली की कागद काढावा. लग्नानंतर दोन महिन्यांनी मी पुन्हा त्या जिन्याजवळून गेले, तेव्हा माझ्या विद्यार्थिनीचा पत्ता तिथेच होता.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, लातूर