रापणीतला वाटा

प्रिय मित्रा,

मालवणात काय काय पाहिलंस, असं तू विचारलंस. सिंधुदुर्ग किल्ला पाहिला. १६६४ साली महाराजांनी भर समुद्रात पाया घातलेला, त्यांच्या हातापायाचे ठसे अजून तिथे जपलेत. पण तुला सांगायचं आहे ते वेगळंच.

तारकर्लीला दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर रापण ओढत होते. होडीतून अर्धगोल जाळं टाकून त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर आणतात आणि एकेका दोराला वीस-पंचवीस माणसं लागतात. मी मोबाइलवर फोटो काढत उभा. एक म्हातारा ओरडला, "नुसतो बघत काय ऱ्हवलंस? दोराक हात लाव!" मोबाइल खिशात टाकला आणि लागलो ओढायला. पाय वाळूत रुतवून मागे मागे सरकायचं, खारट ओला दोर तळव्याला करकरून घासतो. दीड तास ओढत होतो रे! मधे कुणी विचारलं नाही, तू कोण, कुठला. जाळं वर आलं, बांगडे तडफडत वाळूवर सांडले आणि वाटे घालताना म्हाताऱ्याने माझ्यापुढेही सात बांगडे टाकले. "ह्यो तुझो वाटो." हात लावणाऱ्याला वाटा मिळतो, ही रापणीची रीतच आहे. पाहुणा म्हणून लाड होणं वेगळं आणि हक्काचा वाटा मिळणं वेगळं. माझा गळा दाटून आला.

पण बांगडे शिजवणार कुठे? म्हातारा घरी घेऊन गेला. सारवलेलं खळं म्हणजे अंगण, पडवीत आजी पाट्यावर वाटण वाटत बसलेली. तिनं बांगड्यांचं तिखलं केलं, म्हणजे तिखट, दाटसर कालवण. त्यात घालायच्या तिरफळातली, म्हणजे उग्र वासाच्या त्या मसाल्याच्या फळातली, काळी बी काढून टाकायचं काम मला दिलं, ती कडू लागते म्हणून. बोटांना तो वास रात्रीपर्यंत होता. सोबत उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी. १६ मे २०२१ च्या तौक्ते वादळात घराची कौलं उडाली तेव्हा वाडीतल्या माणसांनी आपली घरं उघडी ठेवून आधी हिचं छप्पर शाकारलं, हे सांगताना आजी रडली नाही, मीच रडलो.

निघताना मी पाकीट काढलं. ती चूक अजून सलते. आजीचा चेहराच उतरला. "घरच्या माणसाकडसून जेवणाचे पैशे घेतत काय रे?" मी पाया पडलो. "जातो आजी" म्हणालो तर पुन्हा ओरडा! "'जातंय' म्हणू नको, 'येतंय' म्हण."

हॉटेलात उतरून, बघून, परत यायचं, असं आपण इतकी वर्षं फिरलो. त्यात माणसं राहून गेली असं मला आता मनापासून वाटतं. ओळख व्हायला हात गुंतायला लागतात, मग तो दोर असो की तिरफळं.

परवा आजीचा फोन आला. पाऊस धो धो, समुद्र खवळलेला, बाकी खुशाल. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की पुन्हा रापण लागेल म्हणाली. मी विचारलं, कोल्हापुरातून काय आणू? म्हणाली, गूळ आण, घाटावरचो. दोन ढेपा सांगून ठेवल्यात. एक तू उचल, फोंडा घाट उतरताना एसटीत मला दोन सांभाळता येणार नाहीत. सुट्टी टाक आणि लगेच कळव.

तुझाच,
दोस्त