भोपळा मोजायचा की जोड?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही 'पंचवीस वर्षांतले दहा महान बॉक्सर' अशी यादी छापली. आधी त्याबद्दल आभार, कारण क्रिकेट सोडून खेळाच्या पानावर काहीतरी दिसलं. पण त्या यादीवरून सोमवारी आमच्या खात्यात जेवणाच्या सुट्टीत जे भांडण लागलं ते गुरुवारपर्यंत मिटलं नाही, कडक भाकरी आणि शेंगा चटणी तशीच डब्यात आणि माणसं एकमेकांवर ओरडतायत, म्हणून शेवटी म्हणलं पत्रच टाकू. मी अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला आहे. बॉक्सिंगचा ग्लोव्ह आयुष्यात हातात घातला नाही. लहानपणी दोन वर्षं तालमीत होतो, कानसुद्धा नीट सुजले नव्हते तोवर वडिलांनी लूमवर घातलं. पण बघायचा नाद आहे, पहाटे उठून बघतो.

तुमचा पहिला नंबर फ्लॉइड मेवेदर, कारण काय तर ५० लढती, ५० विजय, पराभवाच्या खान्यात भोपळा. माझं म्हणणं एवढंच आहे की भोपळ्यावरून नंबर काढू नका ओ. आमचे वस्ताद जत्रेवरून परत आलेल्या पोराला किती मारल्या असं कधीच विचारायचे नाहीत, जोड, म्हणजे समोरचा पैलवान, कोण होती ते विचारायचे. पोरगं म्हणायचं चार कुस्त्या मारल्या, वस्ताद म्हणायचे कुणाबरोबर, रेवड्या बक्षीस असलेल्या पोरांच्या कुस्त्या ना, मग गप बस. आणि एखादा पोरगा वरच्या वजनाच्या तयारीच्या पैलवानाबरोबर वीस मिनिटं झुंजून हरून आला तर त्याला दुसऱ्या दिवशी खुराकात जास्तीचं दूध. हा हिशोब मला बॉक्सिंगला पण लागू वाटतो.

आता ते ५० उघडून बघा. ४९ वर जुन्या काळच्या रॉकी मार्सियानोच्या विक्रमाची बरोबरी झाली आणि पन्नासावा कोण तर कॉनर मॅकग्रेगर, ऑगस्ट २०१७, ज्यानं त्याआधी एकही प्रोफेशनल बॉक्सिंग लढत खेळली नव्हती. तो त्याच्या पिंजऱ्यातल्या खेळात (एमएमएत) मोठा असेल, आहेच, पण ही जोड होती का? मी नुरा कुस्ती, म्हणजे आधीच ठरवलेली, म्हणत नाही, दहाव्या राऊंडपर्यंत गेली, पैसा धो धो आला. पण हा पन्नासावा विजय तुम्ही चौकटीत मोठ्या टाइपात छापता आणि त्यावर महान ठरवता, हे काय मला पटलं नाही.

मेवेदर भारी नाही असं कोण म्हणतंय! डावा खांदा वर करून हनुवटी त्यामागं लपवायची आणि समोरच्याचा ठोसा खांद्यावरून घसरवून लगेच उजवा द्यायचा, असं बचावाचं काम ह्या पंचवीस वर्षांत दुसऱ्या कुणी केलं नाही. सप्टेंबर २०१३ ला कनेलो अल्वारेझला त्यानं असा खेळवला की बघताना वाटलं हा पोरगा परवा बॉक्सिंग शिकलाय. (तरी एका पंच बाईंनी ११४-११४ बरोबरी दिली होती, पंचांचं पुढं बोलतो.) पण कनेलो तेव्हा २३ वर्षांचा होता, आणि वजन पण मधलं ठरवून घेतलेलं, १५२ पौंड.

माझा पहिला नंबर फिलिपिन्सचा मॅनी पॅक्याव. इथंच आमचा जॉबर, म्हणजे लूम बघणारा, मामा उठला. मामा म्हणजे नात्यानं नव्हे, सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणतो. मामा म्हणले, का बे, आठ वेळा हरलेला माणूस पहिला आणि एकदा पण न हरलेला दुसरा, आणि वर दोघांची समोरासमोर झाली त्यात जिंकला कोण? मेवेदर. मग कशाला डोकं खातोस?

ती लढत मी बघितली आहे साहेब. ३ मे २०१५, तिकडं लास वेगासला शनिवारची रात्र, आपल्याकडं रविवारची सकाळ, नऊ-साडेनऊची वेळ, सोलापूरचं ऊन म्हणजे त्या वेळेलाच पत्रा तापलेला, आमच्या विडी घरकुलातल्या घरात बारा माणसं आणि एक पंखा. सहाव्या राऊंडला लाईट गेली! आली तेव्हा दहावा चालू होता. मधल्या राऊंडवर शेजारच्या काकांनी आजपर्यंत दहा वर्षं भाषण दिलंय, न बघता. नंतर आकडे वाचले, मेवेदरचे १४८ ठोसे लागले आणि पॅक्यावचे ८१, पंचांनी ११८-११०, ११६-११२, ११६-११२ दिलं. बरोबर दिलं. पॅक्यावचा खांदा दुखावलेला होता, नंतर ऑपरेशन झालं, पण ते मी सबब म्हणून सांगत नाही. आणि ही लढत व्हायलाच पाच वर्षं उशीर झाला म्हणावं तर उशीर दोघांनाही झाला, पॅक्याव ३६ चा आणि मेवेदर ३८ चा, म्हणजे मेवेदरच मोठा. हे मामांनी बोट मोजून दाखवलं आणि माझी बोलती बंद झाली, खोटं कशाला सांगू.

पण समोरासमोर जिंकला म्हणजे सगळ्या कारकिर्दीत मोठा, हे कसं? त्या दिवशी मोठा. यादी तर तुम्ही पंचवीस वर्षांची केलीय. पॅक्यावनं पहिला जागतिक किताब १९९८ ला घेतला तेव्हा ११२ पौंड गटात, म्हणजे ५१ किलोच्या आत, आपल्याकडच्या कॉलेजच्या पोरी एवढ्या असतात. आणि २०१० ला अँटोनियो मार्गारिटोला मारून आठव्या वजनगटातला किताब घेतला. आठ गट! वजनकाट्यावर पॅक्याव १४४.६ पौंड आणि मार्गारिटो १५०, आणि प्रत्यक्ष लढतीला रात्रभर खाऊन-पिऊन मार्गारिटो आणखी फुगून आलेला, शेवटी डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडून घेतलं त्यानं. मधल्या काळात जोडी बघा, बरेरा, मोरालेस, मार्केझ, तिन्ही मेक्सिकोचे आणि तिन्ही त्या वजनातले वाघ. मोरालेसकडून २००५ ला हरला, मग २००६ ला दोनदा त्यालाच गाठून दोन्ही वेळा निकाली केली. मार्केझबरोबर चार लढती. पहिली बरोबरी, मधल्या दोन काठावर जिंकला, आणि चौथीत डिसेंबर २०१२ ला सहाव्या राऊंडला असा तोंडावर पडला की आमच्या घरात कुणी बोललं नाही. ज्या माणसाला आपण नीट हरवलेलं नाही त्याच्यासमोर चौथ्यांदा जायची त्याला काय गरज होती? त्या पराभवाचे मी त्याला मार्क देतो, कापत नाही. आणि त्यानंतर ४० व्या वर्षी, जुलै २०१९ ला, तोवर न हरलेल्या कीथ थर्मनला पहिल्याच राऊंडला खाली बसवून जिंकला.

मामांनी इथं पण कॅस्टिलो काढला. २००२ ला मेवेदर कॅस्टिलोकडून हरल्यातच जमा होता, पंचांनी दिली, पण त्याच वर्षी परत त्याच्याशीच लढून जिंकला, पळाला नाही. हे पण खरंय. म्हणून तर मी त्याला दुसरा ठेवतो, पाचवा नाही.

आता दुसरा राग. तुमच्या यादीत युक्रेनचा उसिक सातवा आणि जपानचा नाओया इनोए कुठंच नाही! का तर छोट्या वजनाचा? लेखात 'पाउंड फॉर पाउंड' असा शब्द वापरलाय तुमच्याच माणसानं, तो शुगर रे रॉबिन्सनच्या वेळी रूढ झालेला, त्याचा अर्थ तरी बघायचा होता. आमच्याकडं येऊन बघा म्हणावं. टॉवेलचा दर्जा आम्ही अख्खा टॉवेल काट्यावर टाकून ठरवत नाही. गोल कटर असतो, तो दाबून फिरवला की शंभर चौरस सेंटीमीटरची चकती निघते, ती छोट्या काट्यावर ठेवायची, पाच ग्रॅम भरली की ५०० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला ५०० ग्रॅम. मग तो हात पुसायचा नॅपकिन असो की अंगभर टॉवेल. कितीदा असं होतं की भला मोठा बाथ टॉवेल साडेतीन ग्रॅमची चकती देतो, दोन धुण्यात जाळी, आणि बारका नॅपकिन साडेपाच भरतो. पाउंड फॉर पाउंड म्हणजे आमचा जीएसएमच की! आकार विसरायचा, चकती काढून बघायची.

इनोएची चकती काढा. सहाव्याच लढतीत पहिला जागतिक किताब, चार वजनगटांत चॅम्पियन, त्यातल्या दोन गटांत बॉक्सिंगच्या चारही जागतिक संघटनांचे पट्टे, म्हणजे किताब, एकट्याकडं, ५३ किलोत २०२२ ला आणि ५५ किलोत २०२३ ला. नोव्हेंबर २०१९ ला डोनेअरबरोबर डोळ्याजवळचं हाड मोडलं, एकाच्या जागी दोन डोनेअर दिसत असताना बारा राऊंड काढून जिंकला, आणि परत २०२२ ला भेटला तेव्हा दुसऱ्या राऊंडला संपवला. मे २०२४ ला टोकियो डोममध्ये नेरीनं पहिल्याच राऊंडला त्याला आयुष्यात पहिल्यांदा खाली पाडलं. घाईनं उठला नाही ओ, गुडघ्यावर बसून आठपर्यंत मोजू दिलं, श्वास घेतला, मग उठला, आणि सहाव्यात नेरी गेला. हा तुमच्या दहात नाही?

आणि उसिक सातवा म्हणजे कमालच. ९० किलोच्या गटात सगळे पट्टे घेतले, तेही समोरच्याच्याच देशात जाऊन, मॉस्कोत गासिएवला हरवून, २०१८ ला. मग हेवीवेटला आला जिथं वजनाला वरून झाकणच नाही. मे २०२४ ला रियाधमध्ये टायसन फ्युरी, ६ फूट ९ इंच, नवव्या राऊंडला तो ह्या दोरावरून त्या दोरावर आपटत होता, दोर नसते तर खालीच गेला असता. डिसेंबरला परत लढले तेव्हा फ्युरी ५५ पौंड जड, म्हणजे आपले २५ किलो, सिमेंटच्या पोत्याचा अर्धा भाग अंगावर जास्त, तरी उसिकच. जोड आणि जीएसएम दोन्ही लावा, हा तिसऱ्याच्या खाली येतच नाही.

टेरेन्स क्रॉफर्डबद्दल मी एका ओळीत सांगतो कारण त्यावर आमच्याकडं भांडण झालं नाही: दोन गट वर चढून सप्टेंबर २०२५ ला लास वेगासला त्याच कनेलोला हरवला, तिसऱ्या गटात चारही पट्टे, वय ३७, चौथा नंबर. त्याचा पण भोपळाच आहे, पण त्यातली जोड बघा ना.

पंचांचं राहिलं. सप्टेंबर २०१७ ला गोलोव्हकिन-कनेलो बरोबरीत सुटली, त्यात एका पंचानं ११८-११० कनेलोच्या बाजूनं दिलं होतं, म्हणजे बारापैकी दहा राऊंड. अख्ख्या जगाला दिसलेली लढत वेगळी आणि त्या खुर्चीतनं दिसलेली वेगळी. आपल्या जिल्ह्याला हे सांगायला नको, २०२३ च्या जानेवारीत पुण्यात महाराष्ट्र केसरीला सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड, दोघं आपलेच, मोहोळ आणि मंगळवेढ्याकडचे, पंचांनी महेंद्रला दिलेल्या त्या चार गुणांवरून चहाच्या टपरीवर किती दिवस कपबशा आपटल्या. म्हणून मी काठावरचा निकाल मार्कात पूर्ण धरत नाही. गोलोव्हकिनच्या कागदावर ती बरोबरी आहे, आणि पुढच्या वर्षीचा काठावरचा पराभव आहे, माझ्या वहीत दोन्ही अर्धे अर्धे. त्याच न्यायानं आंद्रे वॉर्ड, ३२ पैकी ३२, पण कोवालेव्हबरोबरची पहिली तिन्ही पंचांनी ११४-११३ दिलेली, तीही अर्धी. तरी वॉर्डनं फ्रॉच, केसलर, कोवालेव्ह अशा जोडी घेतल्या आणि वेळेवर घरी बसला, म्हणून तो माझ्या दहात येतो.

बायका एक पण नाहीत हे आमच्या खात्यातल्या पॅकिंगच्या ताईंनी दाखवलं, आमच्या कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. ताईंचं माहेर निजामाबादचं, म्हणजे निखत झरीनचं गाव, मग काय, सगळे गप. निखतनं २०२२ ला ५२ किलोत आणि २०२३ ला ५० किलोत जागतिक सुवर्ण घेतलं. २०१९ ला मेरी कोमबरोबर ट्रायल, म्हणजे संघनिवडीची लढत, मागितली म्हणून किती बोलणी खाल्ली त्या पोरीनं, ट्रायल ९-१ हरली पण, तरी मागितली! सहा वेळची जगज्जेती समोर असताना. प्रोफेशनलच धरायचं तर क्लॅरेसा शिल्ड्स घ्या, दोन ऑलिम्पिक सुवर्ण, आणि तीन गटांत सगळे पट्टे क्रॉफर्डच्या आधी. ताईंना विचाराल तर तुमचे सातवा ते दहावा असे चारही नंबर कापून तिथं बायका घाला म्हणतील. मी दोन म्हणतो. मामांनी अजून मत दिलं नाही.

तर माझी यादी पॅक्याव, मेवेदर, उसिक, क्रॉफर्ड, इनोए, इथपर्यंत नक्की, खाली अजून खाडाखोड चालू आहे. कनेलो आठवा की नववा यावर उद्या परत बसणार आहोत.

आणि एक, फोटोखाली तुम्ही 'व्हिटाली क्लिट्स्को, कीवचे महापौर' असं छापलंय. तो फोटो धाकट्या व्लादिमिरचा आहे, जो २०१५ ला फ्युरीकडून हरेपर्यंत साडेनऊ वर्षं चॅम्पियन होता. महापौर थोरला. तेवढी दुरुस्ती ह्या रविवारी टाका, मामांनी त्या फोटोवर माझ्याशी शंभर रुपयांची पैज लावलीय आणि पेपरात छापून आल्याशिवाय देणार नाही म्हणतायत.

आपला नेहमीचा वाचक,
विडी घरकुल, सोलापूर