मनूचा टॉवेल वेगळा ठेवू नकोस

लेस्टर,
९ नोव्हेंबर

ती. आईस,
शि. सा. न.

रविवारी मनूने कॅमेरा बंद ठेवला. "नेट नीट येत नाहीये," म्हणाली, पण मागे तुझ्या कुकरच्या शिट्ट्या मला स्पष्ट ऐकू येत होत्या. मग तू फोन घेऊन गॅलरीत आलीस आणि दोरीच्या पार टोकाला तिचा निळा टॉवेल एकटाच वाळत घातलेला दिसला. मी विचारलं, तर म्हणालीस, "हल्ली वेगळाच ठेवते, इतर कुणाला नको व्हायला." आणि आवाज खाली आणून, "एकतिसाव्या वर्षी कसले गं हे मुरूम? ओंकारच्या लग्नात चार जणी विचारतील."

तेव्हा मी गप्प बसले. फोनवर बोलले असते तर तू "हो गं, बघू" म्हणून विषय बदलला असतास. शेजारच्या वैशालीताई शनिवारी मुंबईला निघाल्यात, त्यांच्याबरोबर हे पत्र पाठवतेय. सावकाश वाच, दुपारी, मनू ऑफिसला गेल्यावर.

आधी टॉवेलचं. मुरूम एकाचे दुसऱ्याला होत नाहीत. त्यात जो जंतू असतो तो तुझ्या, माझ्या, बाबांच्या, सगळ्यांच्याच चेहऱ्यावर मुक्कामाला असतो. प्रत्येकाचा टॉवेल आपापला असावा हे ठीकच, पण तिचा एकटीचा टोकाला वाळत घालणं, ते तिला रोज दिसतं आई. आज संध्याकाळी तो सगळ्यांच्यात घाल.

आता मुरूम का येतात ते. आपल्या प्रत्येक केसाच्या मुळाशी तेल तयार करणारी बारीकशी ग्रंथी असते. त्या तेलाने कातडी मऊ राहते. पण तेल जास्त सुटलं आणि छिद्राच्या आतल्या मृत पेशी सुटून बाहेर पडायच्या ऐवजी एकमेकींना चिकटल्या, की तोंडाशी बूच बसतं. आत तेल साचतं, तो जंतू तिथे फोफावतो, शरीर त्याच्याशी भांडायला उठतं आणि आपल्याला लाल, ठणकणारी गाठ दिसते. म्हणजे तुंबलेलं असतं ते आतून, बाहेरची घाण जाऊन नव्हे. नाकावरचे काळे ठिपके सुद्धा मळ नसतात. हवा लागून त्या बुचाचं टोक काळं पडतं, एवढंच. मनू दिवसातून पाच-सहा वेळा साबणाने तोंड धुते असं तू कौतुकाने सांगितलंस. तिला थांबव. दोन वेळा, सौम्य फेसवॉशने, आणि घाम गाळून आली तर आणखी एकदा. जास्त घासलं की कातडी सोलपटते आणि आग वाढते.

वयाचं म्हणशील, तर तारुण्यपिटिका हा शब्दच फसवा आहे. पंचविशीनंतर, तिशीत, चाळिशीतही मुरूम येतात आणि बायकांना पुरुषांपेक्षा जास्त येतात. कित्येकींना ते हनुवटी आणि जबड्याच्या कडेने येतात, पाळीच्या आधीच्या आठवड्यात उसळतात, खोल असतात आणि दुखतात. मनूचे तसेच आहेत, बरोबर? तेलग्रंथी हार्मोनच्या हुकमाने चालतात. म्हणून तू म्हणतेस ती "अंगातली उष्णता" किंवा "रक्त बिघडलंय" हे काही कारण नाही.

आणि आनुवंशिकता. आई, तुमच्या लग्नाच्या अल्बममध्ये प्रत्येक फोटोत बाबा एकाच अंगाने उभे आहेत हे तू कधी पाहिलंयस? त्यांच्या उजव्या गालावरचे खड्डे देवीचे आहेत असं आम्ही लहानपणी समजायचो. मागच्या वर्षी इथे आले होते तेव्हा मी विचारलं. म्हणाले, "मुरूम. अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत होते." एवढं सांगून चहा घ्यायला उठले. हे त्यांनी मनूला कधी सांगितलेलं नाही.

आणखी एक गोष्ट तूच तिला विचारू शकतेस. तिची पाळी वेळेवर येते का? मला ती एकदा बोलली होती की दीड-दीड महिना जातो. हनुवटीवरचे केस ती पार्लरमध्ये थ्रेडिंगने काढते हे तुलाही माहीत आहे. मुरूम, लांबणारी पाळी आणि असे केस एकत्र दिसले की डॉक्टर पीसीओएसचा, म्हणजे हार्मोन बिघडून बीजकोशांचं काम विस्कळीत होण्याचा, विचार करतात. त्यासाठी रक्ताच्या तपासण्या असतात, गरज वाटली तर सोनोग्राफी. तो निघाला तर लवकर कळलेला बरा, कारण पुढे रक्तातल्या साखरेकडेही लक्ष ठेवावं लागतं. पण हे मावशीच्या कानावर घालू नकोस. लग्नाच्या बोलण्यांत हा विषय कसा फिरतो ते आपण दोघींनी पाहिलंय.

आता जे लिहायला मी हे पत्र घेतलं ते लिहिते.

मनू जी ट्यूब लावते ती मी तिला दिलेली आहे. २०१६ मध्ये, माझ्या लग्नाआधी तीन आठवडे, मला कपाळावर पुरळ आलं होतं. नाक्यावरच्या केमिस्टकडे गेले, त्याने काहीही न विचारता एक ट्यूब पुढे केली. आठ दिवसांत चेहरा असा उजळला की तूच मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढलीस. इकडे येताना अर्धी उरलेली ट्यूब मी मनूच्या ड्रॉवरमध्ये ठेवली आणि म्हटलं, "रामबाण आहे." ती बावीस वर्षांची होती. तेव्हापासून मुरूम आले की ती लावते, गेले की थांबते, थांबली की दुप्पट येतात, पुन्हा लावते. मागच्या महिन्यात तिने नवीन आणली.

मी तिच्याकडून ट्यूबच्या मागच्या बाजूचा फोटो मागवला. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. यातलं शेवटचं स्टेरॉइड आहे. बीटामेथासोन, क्लोबेटासोल ही नावं असली तरी तेच. स्टेरॉइड सूज दाबतं म्हणून पहिल्या आठवड्यात जादू वाटते. पण चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावलं की कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, उन्हात आग होते, केस वाढतात आणि स्टेरॉइडमुळेच नवे मुरूम येतात. आपल्याकडे हे इतकं पसरलंय की भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी त्याला वेगळं नावच दिलंय, टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस. २०१८ मध्ये सरकारने स्टेरॉइडची अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी आपल्या गल्लीत मनूला ती मिळाली.

मला रात्र-रात्र झोप लागत नाही गं. मी तिची मोठी बहीण, चांगलं म्हणून दिलं.

पण एक कर, ती ट्यूब रागाने कचऱ्यात टाकू नकोस. इतकी वर्षं लावलेलं स्टेरॉइड एकदम बंद केलं की चेहरा भडकतो, आणि घाबरून माणूस पुन्हा त्याच ट्यूबकडे जातो. कसं थांबवायचं ते डॉक्टरला ठरवू दे. ट्यूब पर्समध्ये घालून दाखवायला न्यायची.

डॉक्टर म्हणजे कातडीचाच. नावापुढे त्वचारोगातली एमडी ही पदवी किंवा डीव्हीडी ही पदविका आहे ना ते बघ. पार्लरच्या वरच्या मजल्यावरचं फेशियल-लेझरवालं "स्किन क्लिनिक" नको. मुलुंडमध्ये चांगले डॉक्टर असतील, नाहीतर केईएम किंवा नायरला कातडीची ओपीडी असते. रांगेत उभं राहावं लागेल, पण तिथे रोज असे चेहरे बघणारी माणसं बसलेली आहेत.

मला तेहेतिसाव्या वर्षी पुन्हा मुरूम आले हे मी तुला कधी सांगितलं नाही. थंडीचा स्कार्फ हनुवटीवर ओढून ऑफिसला जायचे. इथल्या डॉक्टरीणबाईंनी रात्री लावायचं एक जेल दिलं, त्यात अ‍ॅडापलीन आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड. वाटाण्याएवढं, सगळ्या चेहऱ्यावर पातळ, फक्त मुरमावर टिकली लावल्यासारखं नाही. त्या म्हणाल्या, बारा आठवडे माझ्याकडे तक्रार घेऊन येऊ नका. आज दिसणारा मुरूम आत कित्येक आठवड्यांपूर्वी सुरू झालेला असतो, औषध पुढचे अडवतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात माझी कातडी सुटायला लागली, लाल झाली, मी दोनदा ते जेल फेकायला निघाले होते. मग एक दिवसाआड लावलं, वर साधं मॉइश्चरायझर. तू दिलेल्या सोलापुरी चादरीवर त्या जेलने रंग उडून पांढरे डाग पडलेत, ते जात नाहीत. मनूला जुनी उशीची खोळ दे. नवे मुरूम येणं दहाव्या आठवड्याच्या सुमाराला थांबलं.

मुरूम गेले तरी काळे डाग राहिले. आपल्या सावळ्या कातडीत ते महिनोन्‌महिने राहतात, आणि मुरूम फोडला की हमखास. उन्हाने आणखी गडद होतात, म्हणून स्टेशनपर्यंत चालत जाणाऱ्या मनूने सकाळी सनस्क्रीन लावायलाच हवं, एसपीएफ ३० किंवा जास्त. मुंबईच्या दमटपणात जाड क्रीम चिकचिकतं, तर जेलचं घे म्हणावं, डब्यावर नॉन-कॉमेडोजेनिक लिहिलेलं, म्हणजे छिद्रं न बुजवणारं.

हार्मोनच्या मुरमांसाठी गोळ्याही आहेत. स्पायरोनोलॅक्टोन हे मूळचं रक्तदाबाचं औषध. इथे ४१० बायकांवर त्याची चाचणी झाली, २०२३ मध्ये छापून आली, आणि बारा आठवड्यांपेक्षा चोवीस आठवड्यांनी फरक जास्त स्पष्ट होता. फारच हट्टी, खड्डे पाडणारे मुरूम असले तर आयसोट्रेटिनॉइन. ते गुणकारी आहे, पण त्यावर असताना दिवस गेले तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं, म्हणून कुणाच्या सांगण्यावरून आणायचं नाही. कुठलंही औषध सुरू करताना मनूने डॉक्टरला पुढचे बेत मोकळेपणाने सांगायला हवेत. आम्ही बाळाचा विचार सुरू केला तेव्हा माझं ते जेल बंद करून अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड दिलं, ते गरोदरपणातही चालतं आणि डागांनाही उतार पडतो.

घरचे उपाय. लिंबू अजिबात नको, भाजतं. टूथपेस्टही नको. जायफळ उगाळून लावण्यामागे तुझी माया आहे हे मला कळतं, पण आत्ता तिचा चेहरा सोललेल्या कातडीसारखा आहे, त्यावर काहीच सोसणार नाही. रविवारची चंपी बंद करू नकोस, तिला ती हवी असते, फक्त खोबरेल कपाळावर ओघळू देऊ नकोस आणि रात्रभर ठेवू नकोस. खाण्यात पाव, मैदा, साखर, गोड सरबतं कमी केली तर काहींना फायदा होतो. जिममधल्या मुलाने सांगितलेली व्हे प्रोटीनची पावडर ती दुधातून घेते, ती काही आठवडे थांबवून बघायला हरकत नाही. पण ओंकारच्या लग्नात तिच्या पानातली जिलबी उचलू नकोस, सगळ्यांसमोर तर नाहीच.

तुझ्यावर राग नाही. मला अकरावीत कांजिण्या आल्या तेव्हा रात्रभर कडुलिंबाच्या डहाळीने वारा घालत बसलेली तू मला आठवतेस. मनूच्या या दुखण्यात ताप नाही, म्हणून कुणाला ते दुखणं वाटत नाही. ती कॅमेरा बंद करते, मैत्रिणींच्या फोटोत मागे उभी राहते, लग्नाला यायचं टाळण्यासाठी ऑडिटचं निमित्त शोधतेय. परवा मला म्हणाली, "ताई, लोक माझ्या डोळ्यांकडे बघून बोलतच नाहीत, हनुवटीकडे बघतात." तू तिच्या डोळ्यांकडे बघून बोल.

शनिवारी तिला सुट्टी आहे, त्या दिवशीची वेळ घे. आणि तिच्याबरोबर तू जाऊ नकोस, बाबांना पाठव. रिक्षात बसल्यावर त्यांनी काही बोलावं असं मी त्यांना वेगळ्या चिठ्ठीत लिहिलंय, ती याच पाकिटात आहे. न उघडता त्यांना दे.

तुझी,
मेधा