ते कबुतर शांततेचे नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत क्यूबाच्या कलावंत तानिया ब्रुगेरावर अर्धे पान दिलेत, आभार. उरलेले अर्धे सराफाच्या जाहिरातीला गेले, तेही समजू शकतो. पण 'खांद्यावरचे पांढरे कबुतर म्हणजे शांततेचा संदेश' असे लेखकाने ठोकून दिले आहे, म्हणून हे पत्र.

८ जानेवारी १९५९ रोजी हवानात फिडेल कॅस्ट्रोचे भाषण चालू असताना एक कबुतर त्याच्या खांद्यावर येऊन बसले. सांतेरिया हा तिथला आफ्रिकी मुळांचा धर्म मानणाऱ्यांना तो ओबाताला देवाचा उजवा कौलच वाटला. ब्रुगेराने २००९च्या हवाना बिनालेत, म्हणजे तिथल्या मोठ्या कलाप्रदर्शनात, तोच कौल येईल त्याच्या खांद्यावर ठेवला. माइक खुला, बोलायला एक मिनिट, शेजारी लष्करी गणवेशातले दोघे. मिनिट संपले की उतरा खाली. एक बाई तर माइकपाशी येऊन नुसती रडली. यात लेखकाला शांतता कुठे सापडली? २०१४च्या डिसेंबरात तोच माइक हवानाच्या क्रांती चौकात मांडायचे ठरवले, तर ब्रुगेराला आधीच ताब्यात घेतले आणि पासपोर्ट जप्त केला.

मी ३१ वर्षे चित्रकला शिकवली. 'विश्वशांती' विषय दिला की चाळीस कागदांवर चाळीस कबुतरे, चोचीत डहाळी. लेखक माझ्याच वर्गातला शोभतो. एका स्वातंत्र्यदिनी आमच्या शाळेत पाहुण्यांच्या हस्ते कबुतरे सोडायची टूम निघाली. करंडीतली तीन उडाली. चौथे पाहुण्यांच्या खांद्यावर बसले आणि कडक इस्त्रीच्या जाकिटावर जे करायचे ते करून मोकळे झाले. आठवीतल्या एका मुलीने ते भित्तिपत्रकावर काढले, ओघळासकट. इतके जिवंत चित्र त्या वर्षी दुसरे नव्हते. मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांनी ते फाडले आणि मला मेमो दिला, 'मान्यवरांचा अवमान'. मी लेखी खुलासा केला की कबुतर हे शांततेचे प्रतीक असून विद्यार्थिनीचा हेतू शुद्ध आहे. तिचा हेतू मुळीच शुद्ध नव्हता. मला वेतनवाढ वाचवायची होती. आपल्या लेखकाला कसली भीती होती, कळत नाही.

आणि 'कोची बिनाले गाजवली' म्हणजे काय? २०१८मध्ये ब्रुगेरा कोचीला आलीच नाही. सरकारी परवानगीशिवाय कला सादर करण्यावर बंधने आणणाऱ्या ३४९ क्रमांकाच्या हुकमाचा निषेध करायला ती क्यूबातच थांबली होती. त्यातून बाईंचे नाव एकाच लेखात 'ब्रुगेरा', 'ब्रुग्वेरा' आणि फोटोखाली 'ब्रुगेरो'. मुद्रितशोधक ही जमात आपल्याकडे उरली आहे की तीही जाहिरातवाल्यांनी खाल्ली?

माझे मागचे पत्र आपण शेवटून कापलेत, त्यामुळे मी ज्या ठरावाच्या विरोधात होतो त्याचा समर्थक ठरलो आणि आठवडाभर बाजारात लोक अभिनंदन करत होते. हे कापायचेच असेल तर वरून कापा. जाकीट राहू द्या.

– एक निवृत्त कलाशिक्षक, चिपळूण