माळ्यावरची वही

स्प्रिंगफील्ड, इलिनॉय
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आण्णा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

फराळाचं पार्सल पोचलं. चकल्यांचा चुरा झाला होता, तो दह्यात कालवून खाल्ला. करंज्या मात्र एकूण एक शाबूत. आई, तू प्रत्येक करंजी वेगळ्या कागदात गुंडाळली होतीस. ते कागद सरळ करून मी साताऱ्याच्या महिनाभरापूर्वीच्या बातम्याही वाचून काढल्या.

आण्णा, मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "अध्यक्ष झालीस म्हणजे नक्की काय झालीस? पगार वाढला का?" मी हसले आणि विषय बदलला. खरं म्हणजे मला पटकन सांगताच येईना. म्हणून आज निवांत लिहायला बसले आहे. तसंही तुम्हाला कानापेक्षा कागदावर जास्त भरवसा.

आधी पगाराचं. एक पैसा वाढलेला नाही. बिनपगारी, फुल अधिकारी! माझी कॉलेजातली नोकरी आहे तीच, फायनान्शियल एडची, म्हणजे तुमच्या भाषेत स्कॉलरशिप सेक्शनची. हे काम करणाऱ्यांची इथे प्रत्येक राज्यात एक संघटना असते. देशपातळीवरची मोठी संघटना १९६६ ची, ती वॉशिंग्टनमध्ये आहे, तिच्याखाली सहा विभाग, आणि त्याखाली आम्ही राज्यवाले. पहिलं वर्ष होऊ घातलेला अध्यक्ष, दुसरं वर्ष अध्यक्ष, तिसरं वर्ष माजी अध्यक्ष म्हणून सल्ला देत बसायचं, असा हा तीन वर्षांचा फेरा. मी जुलैपासून मधल्या वर्षात आहे. सूत्रं देताना हातात लाकडी हातोडा देतात. तो मी एकदाच आपटला, तोही जेवणाची वेळ झाली हे सांगायला.

कामातला अर्धा भाग लग्नघरासारखा. वार्षिक अधिवेशनासाठी हॉटेलशी करार, ठरलेल्या खोल्या भरल्या नाहीत तर दंड, वर्गणी, प्रायोजक, आणि "शाकाहारी जेवण म्हणजे नुसती सॅलडची पानं का?" हा माझा स्वतःचाच जुना तंटा. इथली हॉटेलं कॉफी गॅलनवर विकतात. तिचा भाव ऐकलात तर तुम्ही घरून थर्मास आणायला सांगाल.

दुसरा अर्धा भाग फोनचा. शिकागोतल्या मोठ्या विद्यापीठात या कामाला पन्नास माणसं असतील, पण खाली दक्षिणेकडे छोट्या कॉलेजात एकच बाई सगळं बघते. (शिकागो आणि बाकीचं इलिनॉय यांचं नातं अगदी मुंबई आणि उरलेल्या महाराष्ट्रासारखं. शिकागोपासून दक्षिण टोकाच्या केरो गावापर्यंत सुमारे सहाशे किलोमीटर, आणि तिथल्या माणसाला वाटतं की राजधानीत आपलं कोणी ऐकत नाही.) ती एकटी बाई अडली की फोन कोणाला करणार? केंद्राच्या शिक्षण खात्यानं यंदा मार्चमध्ये जवळजवळ निम्मी माणसं कमी केली. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सरकार ४३ दिवस बंद होतं, ते आत्ता बुधवारी उघडलं. मग फोन येतो माझ्याकडे. मला उत्तर माहीत नसलं की मी तिसऱ्याला लावते. अध्यक्ष म्हणजे बहुतेक वेळा टेलिफोन एक्स्चेंज.

तुमच्या ऑफिसात स्कॉलरशिपच्या खिडकीशी तलाठ्याचा दाखला, तहसीलदाराचा दाखला, बोनाफाईड असे कागद घेऊन पोरं रांग लावायची. इथे त्या सगळ्याच्या जागी एकच अर्ज आहे, त्याला फाफ्सा म्हणतात. आईबापांनी संमती दिली की उत्पन्नाचे आकडे थेट कर खात्याकडून येतात, दाखला आणायला हेलपाटे नाहीत. त्यावरून घराला किती खर्च झेपेल याचा एक आकडा निघतो. तो शून्याच्याही खाली, उणे १,५०० पर्यंत जातो. गरिबीलाही उणे चिन्ह असतं हे मी इथे येऊन शिकले. पण आकडा शून्य असो की उणे, केंद्राची मुख्य मदत, म्हणजे पेल ग्रांट, वर्षाला जास्तीत जास्त ७,३९५ डॉलरच मिळते. ती १९७२ साली सुरू झाली. पुढे १९८० मध्ये, जे सिनेटर तिच्यासाठी भांडले होते त्या क्लेबोर्न पेल यांचं नाव तिला दिलं.

आणि कमवा आणि शिका इथेही आहे बरं का! सरकार पगाराचा मोठा वाटा उचलतं आणि विद्यार्थी कॉलेजात काम करतो, ही योजना १९६४ च्या कायद्यातली. साताऱ्यात कर्मवीर अण्णांनी त्याच पायावर कॉलेज काढलं ते १९४७ साली. मागे एकदा सभेत हे मी सांगितलं तेव्हा लोक कौतुकानं ऐकत होते. माझे वडील त्याच कॉलेजात झाडलोट करून बी.ए. झाले, हे मात्र सांगितलं नाही. का नाही सांगितलं कोण जाणे. पुढच्या वेळी सांगेन.

आता शेतीचं सांगते, ते तुम्हाला लगेच कळेल. इथे खिडकीबाहेर क्षितिजापर्यंत मका नाहीतर सोयाबीन. सातबाऱ्यावर जमीन भरपूर आणि हातात रोकड नाही, ही गोष्ट इथेही तशीच. जमिनीच्या किमतीनं माणूस कागदावर कोट्यधीश असतो, पण खताबियाण्याला बँकेचं कर्ज काढतो. पूर्वी अर्जात ज्या शेतावर कुटुंब राहतं ते शेत मालमत्तेत धरत नसत. २०२४-२५ च्या नव्या अर्जापासून ते धरायला लागले. एका छोट्या कॉलेजातल्या बाईंचा मला फोन आला. मुलगा हुशार, बापाची तीन पिढ्यांची शेती, थोरल्या भावाला मदत मिळाली होती आणि धाकट्याच्या नावापुढे भलामोठा आकडा. बाप म्हणाला, "मग काय, पोराच्या फीसाठी चाळीस एकर विकू?" बाईंकडे उत्तर नव्हतं.

कायद्यानं आम्हाला एक अधिकार दिलाय जो तुम्हाला कधीच नव्हता. नोकरी गेली, आजारपण आलं, की कागद पाहून एखाद्या घरापुरता आकडा आम्ही स्वतः बदलू शकतो, आणि त्या निर्णयावर वॉशिंग्टनला अपील चालत नाही. तुम्हाला साहेबांच्या सहीसाठी चार चार दिवस थांबावं लागायचं. पण हा अधिकार एकेका घरासाठी. सरसकट सगळ्या शेतकऱ्यांना सोडा म्हटलं तर ते आमच्या हातात नाही, त्यासाठी कायदाच बदलायला हवा.

म्हणून या वर्षाच्या सुरुवातीला आम्ही काही राज्यांतली माणसं वॉशिंग्टनला गेलो. एका प्रतिनिधीच्या कार्यालयात दहा मिनिटं मिळाली. समोर पंचवीस वर्षांचा सहायक, मान डोलावत टिपून घेत होता. मी पहिली चार मिनिटं आकडेवारीत घालवली. मग चाळीस एकरांचं सांगितलं तेव्हा त्याचं पेन थांबलं. तो स्वतः शेतकऱ्याचा मुलगा निघाला. आयोवाच्या सिनेटर जोनी अर्न्स्ट यांनी यासाठी वेगळं विधेयक आधीच मांडलेलं होतं, तेव्हा माझ्यामुळे काही झालं असं मुळीच नाही. पण ४ जुलैला सही झालेल्या मोठ्या कायद्यात ती सवलत परत आली आणि २०२६-२७ च्या मदतीपासून लागू होतेय. बाईंना मी फोन केला. त्या म्हणाल्या, "बरं झालं, पण तो मुलगा आता ट्रक चालवतो."

त्याच कायद्यात बाकी पुष्कळ आहे आणि आमची झोप त्यानं उडवली आहे. पुढच्या १ जुलैपासून आईबापांना मुलाच्या शिक्षणासाठी नव्यानं मिळणाऱ्या केंद्राच्या कर्जाला मर्यादा येते, वर्षाला २०,००० आणि एका मुलामागे एकूण ६५,००० डॉलर. एम.ए., एम.एस्सी.ला लागणारं एक मोठं कर्ज नव्या मुलांसाठी बंदच. आठ ते पंधरा आठवड्यांच्या कामधंद्याच्या कोर्सना पेल मिळणार, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट. डिसेंबरात यावर दोन दिवसांची शिकवणी ठेवली आहे. शिकवणारी मीच, आणि मलाही आदल्या रात्री वाचून जावं लागणार आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

२०२३ चा हिवाळा. एरवी अर्ज १ ऑक्टोबरच्या सुमारास उघडतो. त्या वर्षी नवा, सोपा केलेला अर्ज येणार होता, १०८ प्रश्नांच्या जागी फार तर ४६. तो उघडला ३० डिसेंबरला, तोही दिवसातून थोडा वेळ उघडायचा आणि पुन्हा बंद. आमच्याकडे मुलांची माहिती यायला मार्चचा मध्य उजाडला. मुलं १ मेपर्यंत कॉलेज नक्की करतात, आणि मदत किती मिळणार हे सांगायला आमच्याकडे काहीच नव्हतं. त्यात ज्या आईबापांकडे सोशल सिक्युरिटी नंबर (आपल्या आधार नंबरासारखा) नाही त्यांना आपला भाग भरताच येईना.

आमच्या भागात मांसप्रक्रियेच्या कारखान्यात काम करणारी एक मेक्सिकन बाई मुलीला घेऊन आली. मुलगी इथलीच, इथेच जन्मलेली, मदतीला पूर्ण पात्र. आईकडे नंबर नाही. आम्ही तिघी एका स्क्रीनपुढे बसलो. अर्ज एका पानापर्यंत जायचा आणि तिथून परत पहिल्या पानावर. पाच वेळा आल्या त्या. प्रत्येक वेळी आईनं कारखान्यातली पाळी संपवून, अंघोळ करून, चांगला स्वेटर घातलेला. सहाव्या वेळी आल्या नाहीत. मार्चमध्ये त्यावर तोडगा निघाला, मी निरोप ठेवले, पत्र पाठवलं. ती मुलगी आमच्या कॉलेजात आली नाही. दुसरीकडे गेली असेल तर देव पावला.

आण्णा, आम्ही सगळं मोजतो. किती अर्ज आले, किती डॉलर वाटले, किती जणांची तपासणी झाली. ती मुलगी यातल्या कुठल्याच रकान्यात नाही, कारण तिचा अर्ज पुराच झाला नाही. त्या रात्री मला तुमची लाल वही आठवली. ऑफिसच्या रजिस्टरशिवाय तुम्ही वेगळी ठेवायचात ती. फॉर्म नेला पण परत आणला नाही अशा पोरांची. मी सातवी-आठवीत असताना चोरून उघडली होती. एक ओळ अजून डोळ्यासमोर आहे, "कोरेगाव तालुका. फोटोला पैसे नाहीत." फोटोला! आणि पुढच्या पानावर कोणाचं तरी, "वडील सही करत नाहीत, दुसरं लग्न."

मी संघटनेपुढे ठेवलंय की प्रत्येक कॉलेजनं अशी एक नोंद ठेवावी. नाव नको, कारण विद्यार्थ्यांच्या माहितीबाबत १९७४ चा कडक कायदा आहे. फक्त अर्ज कुठल्या पायरीवर अडला आणि काय कमी पडलं, एवढंच. ऑक्टोबरच्या बैठकीत तासभर वाद झाला. कोणी म्हणालं, आधीच माणसं कमी, त्यात हे नवं काम कशाला. कोणी म्हणालं, जो आलाच नाही त्याला मोजायचं कसं. आमचे खजिनदार फार मोजकं बोलतात. त्यांनी विचारलं, "हे आकडे जमल्यावर आपण करणार काय?" आणि मला नीट उत्तर देता आलं नाही. हातोडा टेबलावरच होता, पण तो असल्या कामाचा नाही. विषय जानेवारीवर गेला.

तेव्हा आता तुम्हीच सांगा. ती वही माळ्यावरच्या ट्रंकेत असेल तर काढा. त्यात कोणकोणते रकाने होते ते मला हवेत. आणि दुसरं, हे जास्त महत्त्वाचं: ती वही तुमच्याशिवाय कोणी वाचली होती का? प्राचार्यांना कधी दाखवलीत? दाखवून काही झालं का, की नुसतीच लिहीत राहिलात? मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका. नाही झालं तर नाही झालं म्हणून लिहा, मी तेही सभेत सांगेन.

आई, गुडघ्याचा पट्टा दिवसा लाव, रात्री नको. डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं, तू उलटं करतेस.

तुमची,
मनू

ता. क. माळ्यावर आण्णांनी स्वतः चढायचं नाही. ओंकारला चढवा आणि फोटोही त्यालाच काढू द्या. मागच्या वेळी वीजबिलाचा फोटो पाठवलात त्यात बिलापेक्षा तुमचा अंगठाच मोठा दिसत होता.