बेल्ट बांधून बसलेली ती मुलगी कामच करत होती

महोदय,

गेल्या रविवारच्या अंकात मडगावच्या एका वाचकाचे पत्र ‘हवाई सुंदरींचा उद्धटपणा’ या मथळ्याखाली प्रसिद्ध झाले आहे. मुंबईहून गोव्यातल्या मोपा विमानतळावर येणाऱ्या विमानात त्यांच्या 76 वर्षांच्या आईंना स्वच्छतागृहात जायचे होते, तेव्हा सीटबेल्टचा दिवा लागलेला आहे असे सांगून कर्मचारी मुलीने त्यांना उठू दिले नाही, त्याआधी मागितलेला चहाही दिला नाही आणि स्वतः मात्र ती ‘पट्टा बांधून स्वस्थ बसून राहिली’, अशी त्यांची तक्रार आहे. मी 19 वर्षे केबिन क्रू म्हणून नोकरी केली आणि आता फोंड्याजवळच्या माझ्या गावी घरी असते. त्या विमानात मी नव्हते, त्यामुळे त्या मुलीच्या बोलण्याचा सूर कसा होता हे मला ठाऊक नाही. तो चुकला असेल, तर तक्रार करण्याचा त्या गृहस्थांना पूर्ण अधिकार आहे. पण ‘स्वस्थ बसून राहिली’ हे शब्द वाचून मला लिहिल्यावाचून राहवले नाही, कारण त्या घटकेला बसून राहणे हेच तिचे काम होते.

आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक विमानांत 180 च्या आसपास आसने असतात आणि क्रू चौघांचा असतो. दर 50 आसनांमागे किमान एक कर्मचारी हे प्रमाण चहा-सँडविच वेळेत पोहोचावे म्हणून ठरलेले नाही. आग लागली, विमान धावपट्टीवरून घसरले किंवा केबिनमध्ये धूर झाला, तर दारे उघडून प्रवाशांना बाहेर काढायला किती माणसे लागतील, याच्याशी ते बांधलेले आहे. चौघांतली एक जरी हवेत पाय मोडून पडली, तरी विमान उतरताना एका दारापाशी माणूस नसतो. म्हणूनच आम्हाला प्रशिक्षणात पहिल्या दिवसापासून घोकवले जाते की आधी स्वतःला सांभाळा. आणि मोठ्यांनी मागितल्यावर धावत जायचे या संस्कारात वाढलेल्या मुलींना नेमके तेच सगळ्यात जड जाते.

विमान का हादरते, याविषयीही बराच गैरसमज आहे. ‘एअर पॉकेट लागले’ असे आपण सहज म्हणतो, जणू आभाळात कुठेतरी हवाच नसलेला खड्डा असतो. तसा खड्डा कुठेच नसतो. वेगवेगळ्या वेगाने आणि दिशेने वाहणारे हवेचे प्रवाह जिथे एकमेकांना भिडतात, किंवा जिथे तापलेली हवा वेगाने वर चढते आणि गार हवा खाली कोसळते, तिथे विमान त्या प्रवाहाबरोबर वरखाली होते. आपल्याकडे एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमधल्या दुपारी सह्याद्रीच्या माथ्यावर जे काळे, उंच ढग साचतात, त्यांच्या पोटात हे सगळे जोराने चालू असते. हे ढग निदान विमानाच्या रडारवर दिसतात, कारण रडार पाण्याचे थेंब आणि गारा टिपते. निरभ्र आकाशातल्या खळबळीत टिपण्यासारखे काही नसते, त्यामुळे ती अनेकदा आदळल्यावरच कळते.

20 मे 2024 च्या रात्री लंडनहून सिंगापूरला निघालेल्या सिंगापूर एअरलाइन्सच्या विमानाची बातमी आपल्या अंकातही आली होती. म्यानमारवर 37,000 फुटांच्या उंचीवर ते हादऱ्यांत सापडले, एक वृद्ध ब्रिटिश प्रवासी दगावले, कित्येक जण जखमी झाले आणि विमान बँकॉकला उतरवावे लागले. तपासाच्या प्राथमिक अहवालातला एक आकडा मी तेव्हापासून विसरू शकलेले नाही. माणसाला खाली दाबून धरणारा भार 1.35 जी होता (1 जी म्हणजे जमिनीवर जाणवणारे आपले नेहमीचे वजन), तो 0.6 सेकंदात उणे 1.5 जी झाला. सोप्या भाषेत सांगायचे तर, डोळ्याची पापणी दोनदा लवायच्या आत पट्टा न बांधता खुर्चीवर बसलेला माणूस छताकडे फेकला गेला. पुढच्या चार सेकंदांत भार उलटला आणि जे वर गेले होते ते खाली आपटले. सीटबेल्टचा दिवा त्याआधी लागलेला होता, पण मध्ये वेळ मिळाला तो काही सेकंदांचाच. त्या घटनेनंतर त्या कंपनीने दिवा लागलेला असताना गरम पेये देणेही थांबवले. मडगावच्या आजींना चहा का मिळाला नाही, याचे उत्तर त्यात आहे. आपल्या देशातही 1 मे 2022 रोजी मुंबईहून दुर्गापूरला गेलेल्या विमानात उतरण्याच्या वेळी असेच झाले होते आणि त्यातल्या एका प्रवाशाचा काही महिन्यांनी मृत्यू झाला.

अशा हादऱ्यांत सर्वांत जास्त जखमी होतात ते केबिन क्रू, असे अमेरिकेतल्या अपघात तपास मंडळाने 2021 मध्ये नोंदवले आहे. त्याचे कारण साधे आहे: विमानात उभे असतो ते आम्हीच. प्रवासी निदान खुर्चीत असतो. आमच्या हातात मात्र भरलेली ट्रॉली असते, जिचे वजन शंभर किलोच्या घरात जाते. तिचा लाल पेडल दाबून ब्रेक लावायचा, वरची गरम किटली उचलून खाली जमिनीवर ठेवायची आणि मिळेल त्या रिकाम्या खुर्चीत बसून पट्टा आवळायचा, एवढे सगळे त्या मोजक्या सेकंदांत करायचे असते. खुर्ची नसेल तर मार्गिकेतच खाली बसून खुर्च्यांच्या दांड्या घट्ट धरायच्या आणि शेजारच्या प्रवाशांना सांगायचे की मला दाबून धरा. हे लाजिरवाणे वाटते, पण आम्हाला तसेच शिकवलेले असते.

काही वर्षांपूर्वी, जून महिन्यात, आम्ही गोव्यातल्याच दाबोळी विमानतळावर उतरत होतो. पहिला प्रयत्न पावसामुळे सोडून विमान पुन्हा वर घेतले होते आणि आम्ही सगळे आपापल्या जागी बसलेलो होतो. मधल्या रांगेतले एक गृहस्थ उठले आणि वरच्या कप्प्यातली बॅग काढू लागले. त्यात त्यांची औषधे होती, हे नंतर कळले. शेपटीकडच्या गॅलीतून, म्हणजे खाण्यापिण्याचे सामान ठेवतात त्या जागेतून, मी आणि माझी सहकारी दोघींनी ओरडून सांगितले, त्यांना ऐकू गेले नाही. ती पट्टा सोडून त्यांना बसवायला गेली. तिने जायला नको होते, नियम तिच्या विरुद्ध होता. पण डोळ्यांदेखत म्हातारा माणूस पडताना बघत बसणे तिला जमले नाही. ती पोहोचली, त्यांना खांद्याला धरून खाली बसवले, आणि विमान खाली गेले. त्यांना खरचटलेही नाही. तिचा घोटा दोन ठिकाणी मोडला. एका प्रवाशाने तिला ओढून आपल्या बाजूच्या खुर्चीत टाकले आणि पुढची वीस मिनिटे मागची दोन्ही दारे माझ्या एकटीच्या भरवशावर होती. दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ इस्पितळात तिला भेटायला आले आणि पाऊण तास, जवळजवळ काही न बोलता, तिच्या खाटेपाशी बसून गेले. ती नंतर वर्षभर उडाली नाही. आमचे भत्ते उड्डाणाच्या तासांवर ठरतात, तेव्हा त्या वर्षात तिच्या घरी काय झाले असेल हे वेगळे सांगायला नको.

आता त्या मथळ्यातल्या शब्दाकडे वळते. ‘हवाई सुंदरी’ हा शब्द आपली वृत्तपत्रे अजून का सांभाळून ठेवतात, हे मला कळत नाही. 15 मे 1930 रोजी जगातली पहिली महिला विमान-कर्मचारी म्हणून कामावर चढलेल्या एलेन चर्च या व्यवसायाने परिचारिका होत्या. म्हणजे या कामाची सुरुवातच प्रवाशांची काळजी घेण्यापासून झाली, सौंदर्यापासून नव्हे. शिवाय माझ्याबरोबर काम करणाऱ्यांत मुलगेही होते. पण शब्दाचा परिणाम होतोच. सुंदरीने हसून हवे ते आणून द्यावे, अशी अपेक्षा बाळगून बसलेल्या माणसाला तिने ‘बसा’ म्हणून बजावले की तो अपमान वाटतो. तेच गोव्याच्या कदंब बसच्या कंडक्टरने दारात लोंबकळणाऱ्याला आत ओढले, तर कुणी पत्र लिहीत नाही. आपण निदान आपल्या अंकात ‘केबिन क्रू’ लिहावे, अशी विनंती आहे.

पण सगळा दोष प्रवाशांवर टाकला तर मी खोटी ठरेन. काही वैमानिक दिवा एकदा लावतात आणि हवा शांत झाल्यावरही विझवायला विसरतात किंवा मुद्दाम चालूच ठेवतात. अर्धा तास शांत हवेत जळत राहिलेल्या दिव्याला लोक जुमानत नाहीत, आणि मग खरा धक्का येतो तेव्हाही तो कुणी बघत नाही. दुसरे, आमच्या घोषणा. इंग्रजी आणि हिंदीत एका दमात म्हटलेले ते वाक्य बार्देश-सत्तरी तालुक्यांतून पहिल्यांदाच विमानात बसलेल्या माणसाच्या कानावरून जाते. गोव्याच्या उड्डाणांत निदान हादऱ्यांविषयीची सूचना कोकणीत आणि मराठीत सावकाश का देऊ नये? मी स्वतः नियमाबाहेर जाऊन ती कित्येकदा दिली आहे. एकदा एका म्हाताऱ्या बाईंना कोकणीत सांगितले तेव्हा त्यांनी माझाच हात धरून म्हटले, “बाय, तूं बस गो पयलीं.” तिसरे, विमानात खाद्यपदार्थ विकण्याचा दबाव. मुंबई-गोवा प्रवासात विमान सरळ उडते तो वेळ जेमतेम अर्धा तास. त्यात विक्रीचे उद्दिष्ट गाठायचे, तर ट्रॉली बाहेर काढण्याची घाई आणि आत घेण्याची टाळाटाळ दोन्ही होतात. याबद्दल कंपन्यांना विचारायला हवे, ट्रॉली ढकलणाऱ्या मुलीला नव्हे.

लहान मुलांबद्दलही एक गोष्ट सांगते, कारण सुटीच्या दिवसांत ती हमखास दिसते. दोन वर्षांखालचे मूल मांडीवर असते आणि त्याच्यासाठी आईच्या पट्ट्याला जोडायचा छोटा पट्टा आम्ही देतो. मूल झोपले की तो सोडण्याचा मोह होतो. पण वर सांगितलेल्या उणे 1.5 जी मध्ये मूल आईच्या हातातून निसटून वर जाते. तिथे मायेचा किंवा बळाचा काही उपयोग नसतो. मूल झोपेत असले तरी तो पट्टा राहू द्यावा.

मडगावच्या वाचकांच्या आईंसाठी एवढेच सांगते: विमानाने उंची गाठून दिवा विझला की लगेच स्वच्छतागृहात जाऊन यावे, उतरायला लागेपर्यंत थांबू नये, आणि चालायला त्रास असेल तर चढतानाच दारातल्या मुलीला तसे सांगून ठेवावे, म्हणजे ती दिवा विझताच स्वतः येऊन हात धरेल. दिवा लागल्यानंतर मात्र बटण कितीही वेळा दाबले तरी ती उठून येणार नाही.

आपली विश्वासू,
एक माजी केबिन क्रू
(तालुका फोंडा, गोवा)