आई, यात्रेला निघण्याआधी एवढं वाच

जेरुसलेम

प्रिय आई,

पॅरिशची पवित्र भूमीची यात्रा ठरतेय हे ऐकून फार आनंद झाला. टूरवाले तुम्हाला सगळं दाखवतीलच, पण निघण्याआधी चौथ्या शतकातली यात्रेकरू एगेरिया तुला माहीत असावी असं मला मनापासून वाटतं.

तिच्याआधी, ३३३ साली, फ्रान्समधल्या बोर्दोहून एक यात्रेकरू खुष्कीच्या वाटेने इथे आला होता. घोडे कुठे बदलायचे, मुक्काम कुठे, मध्ये अंतर किती, हे त्याने टिपून ठेवलं. त्याचं मन मात्र त्यात फारसं दिसत नाही. एगेरिया आली ३८१ ते ३८४च्या सुमारास, बहुधा स्पेनकडून, आणि तिने आपल्या धर्मभगिनींना पत्रातून सगळं कळवलं. त्या मजकुराची जुनी प्रत १८८४मध्ये इटलीत अरेत्सोला सापडली. सुरुवातीची आणि शेवटची पानं गहाळ आहेत.

मोशेला दहा आज्ञा मिळाल्या तो इजिप्तमधला सिनाय पर्वत ती पायी चढली. वाट भिंतीसारखी उभी, खुर्चीत बसवून नेण्याचीही सोय नाही. माथ्यावरच्या लहानशा चर्चमध्ये मोशेच्या ग्रंथातला उतारा वाचला गेला, कम्युनियन झालं, आणि निघताना तिथल्या साधूंनी डोंगरावर पिकलेली फळं हातावर ठेवली. जाईल तिथे तिचा नेम एकच: आधी प्रार्थना, मग त्या जागेचा शास्त्रपाठ तिथेच उभं राहून, मग स्तोत्र.

इथला गुड फ्रायडे तर तिने डोळ्यांसमोर उभा केलाय. टेबलावर तागाचं कापड, त्यावर येशूच्या क्रुसाचं लाकूड, दोन्ही टोकं बिशपने घट्ट धरलेली, भोवती डीकन, म्हणजे बिशपचे मदतनीस, पहाऱ्याला. लोकांनी एकेक करून वाकायचं, आधी कपाळ टेकवायचं, मग डोळे, मग चुंबन घ्यायचं. हात लावायचा नाही. पूर्वी म्हणे कुणीतरी चुंबन घेता घेता लाकडाचा तुकडा दातांनी तोडून नेला होता, म्हणून हा पहारा! चोरीच ती, पण त्या माणसाची ओढ मला कळते.

येशूचा शिष्य संत थॉमस याच्यासाठी ती थेट एडेसाला गेली, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या उर्फाला. जेरुसलेमहून पंचवीस मुक्काम! आपण त्याच्यासाठी चेन्नईतल्या मैलापूरला जातो, पण त्या काळी त्याचा देह एडेसात आहे अशी श्रद्धा होती.

तेव्हा येताना मराठी बायबल हातातल्या पिशवीतच ठेव. प्रत्येक ठिकाणी तिथला उतारा वाचू या, असं फादरना आत्ताच सांगून ठेव आणि वाचायला तूच उभी राहा. रविवारी चर्चमध्ये वाचतेसच की. सिनाय कार्यक्रमात आहे का तेही विचार. बराच चढ उंटावरून होतो, पण शेवटच्या साडेसातशेच्या आसपास पायऱ्या पायीच चढाव्या लागतात. पप्पांच्या गुडघ्यांचं डॉक्टरांना विचारून मगच नाव दे.

तुझी,
मनू